हौशी संघात खेळायला उतरताना: आधी काय, नंतर काय

मोठेपणी खेळाच्या संघात जायचं ठरवणारी माणसं बहुतेक वेळा एकाच क्रमाने चालतात. आधी बूट घेतात, मग थेट सामना खेळतात, मग दम कमी पडतो म्हणून धावायला लागतात आणि शेवटी पोटरी किंवा गुडघा धरून डॉक्टरकडे जातात. हा क्रम बरोबर उलटा करायला हवा. मी अनेक वर्षं हौशी संघांत खेळतो आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसेनाशा झालेल्या माणसांची गणती मी केव्हाच सोडून दिली, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण त्यांना सोसावं सगळं लागलं आणि मिळालं काहीच नाही.

संघाचे फायदे उशिरा मिळतात, हे आधी ध्यानात घ्या. अनोळखी माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून अधिक, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. आठवड्याला दोन तास खेळलात तर ५० तास भरायला २५ आठवडे जातात. दम वाढणं, झोप सुधारणं, वजन आटोक्यात येणं याचंही तसंच आहे. सुरुवातीच्या आठवड्यांच्या वाट्याला मात्र फक्त दुखणं, संकोच आणि धाप येते. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीसाठी आहेत: तुम्ही सहा महिन्यांनीही त्या संघात असावं.

१. शरीराची विचारपूस

एकही पाऊल धावण्याआधी स्वतःला काही प्रश्न विचारा. श्रम करताना छातीत दाब किंवा दुखणं जाणवतं का? चक्कर येऊन शुद्ध हरपली आहे का? हृदय मध्येच धडधडतं किंवा ठोका चुकल्यासारखं होतं का? जवळच्या नात्यात कुणी पन्नाशीच्या आत अचानक हृदयविकाराने गेलं आहे का? रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकाराची औषधं चालू आहेत का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. ‘व्यायाम करू का’ असं मोघम विचारू नका. ‘अमुक खेळ, आठवड्यातून इतक्या वेळा, मध्येमध्ये पूर्ण वेगाने पळावं लागतं’ असं सांगा. चालण्याला मिळालेली परवानगी पळापळीला लागू होत नाही.

सवय नसलेल्या माणसाने एकदम जोराचे श्रम केले तर त्या वेळेपुरता हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. नियमित व्यायाम करणाऱ्यांत हाच धोका बराच कमी असतो. तेव्हा यातून खेळ टाळण्याचा निष्कर्ष काढू नका, सवय आधी लावा.

जुन्या दुखापतींची यादीही याच वेळी करा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते आणि मांडीच्या मागच्या स्नायूचंही तेच. वीस वर्षांपूर्वीची लचक तुम्ही विसरला असाल, पण वळताना तीच पहिल्यांदा आठवण करून देते.

*थांबा:* ताप असताना किंवा तापातून नुकतं उठल्यावर खेळू नका. विषाणूजन्य आजारात कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी जोराचे श्रम जिवावर बेतू शकतात.

२. खेळ निवडणं

‘शाळेत फुटबॉल खेळायचो म्हणून फुटबॉल’ हा बहुतेकांचा विचार. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. खेळ शरीराकडून काय मागतो ते पाहा. फुटबॉल, बास्केटबॉल आणि हॉकी यांत सतत पळणं, अचानक थांबणं आणि दिशा बदलणं असतं. व्हॉलीबॉलमध्ये पळणं कमी, उड्या जास्त. त्यामुळे गुडघ्याची वाटी आधीच कुरकुरत असेल तर तो जपून निवडावा. बॅडमिंटन किंवा टेनिसच्या दुहेरीत अंतर कमी असतं, तरी खांदा आणि पोटरीवर ताण येतो. क्रिकेटमध्ये बराच वेळ उभं राहायचं आणि मग थंड पडलेल्या अंगाने एकदम धाव घ्यायची, यातच स्नायू धरतात. गुडघे किंवा वय आडवं येत असेल तर चालत खेळायचा फुटबॉलही आहे. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये तो सुरू झाला आणि त्यात पळायला मनाईच असते.

कोपनहेगनमध्ये साडेआठ हजारांहून अधिक लोकांचा सुमारे २५ वर्षं मागोवा घेतला गेला. बैठं आयुष्य जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचं आयुर्मान ९.७ वर्षांनी, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचं ६.२ वर्षांनी आणि फुटबॉल खेळणाऱ्यांचं ४.७ वर्षांनी जास्त दिसलं. एकट्याने जॉगिंग करणाऱ्यांत हा फरक ३.२ वर्षांचा होता. सोबतीने खेळण्याचा यात वाटा असावा, असं संशोधकांना वाटलं. पण टेनिस खेळणाऱ्यांकडे मुळातच पैसा आणि मोकळा वेळ जास्त असू शकतो. त्यामुळे या आकड्यांवरून खेळ निवडू नका. जो खेळ पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळावासा वाटेल, तो निवडा.

३. संघाची पारख

इथे लोक सर्वांत जास्त घाई करतात. ओळखीचा कुणी बोलावतो, आपण जातो आणि तिथे सगळे स्पर्धा खेळून तयार झालेले असतात. नाव नोंदवण्याआधी एक खेळ बाहेर बसून पाहा. कोण किती चांगलं खेळतं, याकडे लक्ष देऊ नका. सर्वांत कच्च्या खेळाडूकडून चूक झाली की बाकीचे काय करतात, ते पाहा. कुणी ओरडतं का? पुढच्या वेळी त्याच्याकडे चेंडू देतात की टाळतात? दहा मिनिटांत तुम्हाला संघ कळेल.

मग कर्णधाराला किंवा संयोजकाला हे विचारा:

- खेळाचा वार आणि वेळ ठरलेली आहे की दर आठवड्याला बदलते?
- सगळ्यांना खेळायला मिळतं की चांगले खेळतात तेवढेच उतरतात?
- खेळाडू कमी पडले तर काय करता? जास्त आले तर?
- वर्गणी किती, कधी द्यायची आणि तिच्यात काय धरलेलं असतं?
- प्रथमोपचाराची पेटी कुठे असते? छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचं प्रशिक्षण कुणी घेतलं आहे का? मैदानाजवळ एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आहे का?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. संकोचू नका. हृदय अचानक थांबल्यास मदत येईपर्यंतच्या काही मिनिटांवर सगळं अवलंबून असतं, आणि त्या मिनिटांत शेजारी उभा असलेला सहखेळाडूच कामाला येतो.

*तपासा:* घर किंवा कामाच्या ठिकाणापासून मैदान किती लांब आहे? माझ्या अनुभवात अर्ध्या तासाहून लांबचा संघ फार थोड्यांचा टिकतो. थोडा कमी दर्जाचा पण जवळचा संघ घ्या.

४. मैदानाआधीचे सहा आठवडे

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळी गडबड इथेच होते. ‘खेळता खेळता फिटनेस येईल’ असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढते, पण स्नायूला हाडाशी जोडणारे दोर म्हणजे टेंडन भक्कम व्हायला महिने लागतात. तुम्हाला जोर आल्यासारखं वाटतं तेव्हा टाच अजून तयार नसते. टाचेमागचा जाड दोर, अकिलीज टेंडन, तुटण्याच्या घटना तिशी ते पन्नाशीतल्या अधूनमधून खेळणाऱ्या पुरुषांत जास्त दिसतात त्या उगाच नाहीत. तुटताना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं आणि वळून पाहिलं तर मागे कुणीच नसतं.

नुसतं जॉगिंग करून ही तयारी होत नाही. जॉगिंग सरळ रेषेत आणि एका लयीत असतं. खेळात पाय अचानक रोवावा लागतो, कडेला वळावं लागतं, उडी मारून खाली यावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा.

*पहिले दोन आठवडे.* आठवड्यातून चार दिवस अर्धा तास भरभर चाला. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेग असावा. दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा: खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं आणि दोन्ही पायांच्या चवड्यांवर उचलून सावकाश खाली येणं, प्रत्येकी १२ वेळा, दोन फेऱ्या. दात घासताना आळीपाळीने एका पायावर उभं राहा. यात घोट्याचा तोल सुधारतो आणि वेगळा वेळही काढावा लागत नाही.

*तिसरा आणि चौथा आठवडा.* एक मिनिट हळू धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. चवड्यांवर उचलणं आता एका पायावर. पाठीवर झोपून गुडघे वाकवा आणि कंबर उचलून धरा. एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवण्याचा व्यायाम जोडा. चेंडू, रॅकेट, जे काही असेल ते हातात किंवा पायात घ्यायला याच काळात सुरुवात करा.

*पाचवा आणि सहावा आठवडा.* आता वेग आणि वळणं. वीस मीटरच्या सहा धावा, पहिल्या दोन निम्म्या जोराने आणि शेवटच्या दोन सुमारे ८० टक्के जोराने. लहान उड्या मारा आणि गुडघे वाकवून, आवाज न करता खाली या. धप्पकन आवाज आला तर तेवढा धक्का सांध्यांनी घेतला, असं समजा. चार पावलं पळून थांबणं आणि बाजूला वळणं यांचा सराव करा.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक व्यायाम या दोन आठवड्यांत आवर्जून घ्या. मऊ जागेवर गुडघ्यांवर बसा, कुणाला तरी घोटे घट्ट धरायला सांगा आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुका. तोल सुटला की हातांवर या. याला नॉर्डिक व्यायाम म्हणतात. नेटाने करणाऱ्या खेळाडूंत या स्नायूच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पहिल्या दिवशी तीन-चार वेळाच करा. पायरी चढताना दुसऱ्या दिवशी मांडी बोलेलच.

*तपासा:* मैदानावर जाण्याआधी तुम्हाला एवढं जमायला हवं. एका पायावर चवड्याने २० वेळा उचलणं. डोळे उघडे ठेवून एका पायावर ३० सेकंद. अर्धा तास धावणं-चालणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांध्यात दुखणं नाही. जमत नसेल तर आणखी दोन आठवडे थांबा. संघ कुठे जात नाही.

५. बूट आणि बाकी सामान

यात फार वेळ घालवू नका, पण धावण्याचे बूट घालून कोर्टवर जाण्याची चूक करू नका. ते पुढच्या दिशेने पळण्यासाठी बनवलेले असतात. टाच उंच आणि मऊ असते, त्यामुळे बाजूला वळताना घोटा कलंडतो. गवतावर खिळ्यांचे बूट, आतल्या कोर्टवर सपाट रबरी तळव्याचे. नवे बूट चार-पाच दिवस घरात वापरा. फुटबॉल-हॉकीत नडगीचं संरक्षण हवंच. बॅडमिंटन-स्क्वॉशमध्ये साधा चष्मा धोक्याचा आहे, तो फुटून डोळ्यात जाऊ शकतो. पॉलिकार्बोनेटचा खेळाचा चष्मा घ्या.

६. पहिला दिवस

वीस मिनिटं आधी पोहोचा. उशिरा आलेला माणूस अंग न तापवताच उतरतो. कर्णधाराला स्पष्ट सांगा: ‘मी खूप दिवसांनी खेळतोय, आज अर्धाच वेळ खेळेन.’ खेळ सुरू व्हायच्या आधीच सांगा, कारण एकदा रंगात आल्यावर तुमच्या तोंडून ते निघणार नाही.

अंग तापवायला पंधरा मिनिटं द्या. आधी हळू धावणं, मग गुडघे उचलून, बाजूला आणि मागे धावणं, मग थोडे ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, आणि शेवटी वेगाच्या दोन-तीन धावा. फुटबॉलसाठी फिफाने तयार केलेला ‘११+’ नावाचा वीस मिनिटांचा कार्यक्रम याच क्रमाने जातो आणि तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती ३० टक्क्यांहून अधिक कमी झालेल्या दिसल्या आहेत. एकाच जागी उभं राहून मिनिटभर पाय ताणून धरणं खेळाआधी नको. त्याने काही काळ स्नायूचा जोर उलट कमी होतो. ते खेळ संपल्यावर करा.

पाणी तहानेप्रमाणे प्या. घामाच्या भीतीने लीटरच्या लीटर पाणी रिचवल्यास रक्तातलं सोडियम घसरतं, आणि तेही धोक्याचं आहे. उन्हाळ्यात सुरुवात करत असाल तर उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस कमी वेळ खेळा.

*थांबा:* शेवटच्या दहा मिनिटांत ‘एवढा एकच चेंडू’ म्हणून जीव तोडून पळू नका. दमलेला स्नायू धक्का नीट पेलत नाही. ठरवलेल्या वेळी बाहेर या, गुणफलक काहीही असो.

७. पहिले आठ आठवडे

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सुचवते, आणि शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम. एका सामन्याने हे भरत नाही. तासाभराच्या खेळातला राखीव बसण्याचा आणि चेंडू आणायला जाण्याचा वेळ वजा केला की उरतो थोडाच. म्हणून आठवडा असा बांधा: एक सामना, एक हलका सराव किंवा भरभर चालणं आणि दोन छोटे ताकदीचे दिवस. सामना मिळाला की चौथ्या पायरीतले व्यायाम बंद करणं ही नेहमीची चूक आहे. सामन्यात ताकद खर्च होते, जमा या व्यायामांतून होते.

दुखण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखायला शिका. दोन्ही पायांत सारखं, बोथट, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त आणि चालल्यावर मोकळं होणारं दुखणं हे नव्या श्रमाचं आहे, ते जातं. एकाच जागी बोट ठेवता येईल असं, टोचणारं, सूज आणणारं किंवा लंगडायला लावणारं दुखणं ही दुखापत आहे. वेदनाशामक गोळी घेऊन खेळायला उतरू नका. गोळीने दुखापत बरी होत नाही, फक्त शरीराची हाक तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

सलग दोन दिवस सामने नकोत. दोन संघांत एकदम नाव घालणं तर अजिबात नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उत्साह सर्वांत जास्त असतो आणि आरंभशूर माणूस नेमका इथेच पडतो.

*तपासा:* चौथ्या आठवड्याच्या शेवटी पाहा. सामन्यानंतर दुसऱ्या दिवशीचं दुखणं पहिल्या आठवड्यापेक्षा कमी झालं का? झालं असेल तर खेळायची वेळ दहा मिनिटांनी वाढवा. नसेल तर आहे तिथेच राहा.

८. दुखापत झालीच तर

घोटा मुरगळला आणि चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर खूप दुखत असेल तर क्ष-किरण तपासणी करून घ्या. डोक्याला मार लागून गोंधळल्यासारखं, गरगरल्यासारखं किंवा उलटी होईलसं वाटलं तर त्या दिवसाचा खेळ संपला. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परत उतरायचं नाही. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच टप्प्याटप्प्याने परतायचं.

कुणी अचानक कोसळून हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर एकाने रुग्णवाहिका बोलवावी, दुसऱ्याने एईडी आणावं आणि तिसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. ही कामं कोण करणार, ते संघाने आधीच ठरवून ठेवावं.

खेळता येत नसेल त्या आठवड्यांतही मैदानावर जा. गुण लिहा, पंच व्हा, चेंडू आणा. दुखापतीत घरी बसलेली माणसं बरी झाल्यावरही परतत नाहीत. त्यांचा घोटा केव्हाच बरा झालेला असतो, पण मधल्या काळात संघाशी असलेला धागा सुटलेला असतो.

९. संघात मिसळणं

यासाठी कौशल्य लागत नाही. पहिल्या दोन खेपांत सगळ्यांची नावं पाठ करा. नियम घरी वाचून या. येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा. ऐनवेळी दांडी मारली की समोरच्या संघासह सगळ्यांचा खेळ बिघडतो. चूक झाली तर एकदा हात वर करा आणि खेळायला लागा, सारखी माफी मागत राहिलात तर बाकीचेही अवघडतात.

आणि खेळ संपल्यावर लगेच निघू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा, जाळी सोडायला मदत करा, बसून बूट काढा. ते ५० तास मोजताना ही मिनिटंही धरायची असतात, आणि गप्पा बहुतेक त्यातच होतात. मला माझे दोन सर्वांत जवळचे मित्र मैदानावरच्या खेळात सापडले नाहीत, खेळानंतर जाळी गुंडाळताना सापडले.

घरच्यांशी आधीच बोला. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली असेल तर तिची बदली म्हणून दुसरी कोणती जबाबदारी तुम्ही उचलणार, ते सांगा. ही बोलणी न झाल्यामुळे सुटलेले संघ मी दुखापतीने सुटलेल्या संघांइतकेच पाहिले आहेत.

१०. संघ बदलायचा की थांबायचं

आठ आठवड्यांआधी निर्णय घेऊ नका. त्यानंतर तीन गोष्टी पाहा: खेळायला मिळतं का, अपमान होतो का, आणि खेळाच्या दिवशी सकाळी जावंसं वाटतं का. खेळायला मिळत नसेल तर कर्णधाराशी एकदा स्पष्ट बोला. पुष्कळदा त्याच्या लक्षातच आलेलं नसतं. अपमान होत असेल तर बोलण्यातही वेळ घालवू नका, दुसरा संघ पाहा. जावंसं वाटत नसेल पण जाऊन आल्यावर बरं वाटत असेल तर आणखी महिनाभर जा.

महिन्याहून मोठा खंड पडला, कारण कोणतंही असो, तर परतताना सामन्याने सुरुवात करू नका. चौथ्या पायरीच्या तिसऱ्या आठवड्यापासून धरा, चवड्यावरची २० उचलणी पुन्हा मोजा, आणि कर्णधाराला पहिल्या दिवशी सांगितलेलं तेच वाक्य परत सांगा: आज अर्धाच वेळ.